सीझन डोक्यावर आणि माणसं कमी, कसं निभावता तुम्ही लोक?

पॅकिंग_इन्चार्ज:
गोदामात पॅकिंग-डिस्पॅच बघतो. कागदावर शिफ्ट बारा जणांची, येतात आठ, त्यातला एक इतका नवा की टेप गन पण नीट धरता येत नाही. दोघं सोडून गेले, एकजण बाळंतपणाच्या रजेवर, एक आज येतो तर उद्या गायब. वर विचारलं की "भरती चालू आहे", दोन महिने हेच ऐकतोय. सकाळी पावणेसातला मोबाईल वाजला की पोटात गोळा येतो, मेसेज उघडायच्या आधीच माहीत असतं, "सर आज जमणार नाही". मग मीच टेबलावर उभा राहतो. परवा तीन तास लेबलं चिकटवत होतो, त्या गडबडीत ड्रायव्हरला गेट चुकीचं सांगितलं आणि गाडी दीड तास तशीच उभी. जे रोज येतात त्यांच्याच डोक्यावर सगळं. काल आमची सगळ्यात कामाची मुलगी म्हणाली, "सर, मी नाही म्हणत नाही म्हणून मलाच थांबवता ना?" काय बोलणार यावर. उपाय सांगा, फक्त "टीमला मोटिव्हेट करा" सोडून.

जुना_सुपरवायझर:
आधी तुम्ही टेबल सोडा. तुम्ही नववे पॅकर झालात की गाडी, गेट, कुठला माल आधी काढायचा हे बघायला कोणीच उरत नाही. मी पण हेच करायचो आणि वर अभिमान बाळगायचो, मूर्खपणा होता तो. आणि नव्याला सगळं शिकवत बसू नका, सीझनभर फक्त बॉक्स दुमडायला द्या. फ्रेड ब्रुक्सने 1975 मध्ये सॉफ्टवेअरबद्दल लिहिलेलं की लेट झालेल्या कामात माणसं वाढवली की ते अजून लेट होतं, कारण जुन्यांचा वेळ शिकवण्यात जातो. पॅकिंग तेवढं अवघड नाही पण पहिला आठवडा तरी अगदी तसाच जातो.

हिशोबी_माणूस:
वरच्यांना आकड्यात सांगा हो, रडून काही होत नाही. रांगेचं साधं गणित आहे, एकच खिडकी धरा, लोक कधीही येतात, प्रत्येकाला कमी-जास्त वेळ लागतो. खिडकी 80 टक्के बिझी असेल तर एका कामाला लागणाऱ्या वेळेच्या सरासरी 4 पट थांबावं लागतं, 90 टक्क्यांना 9 पट, 95 ला 19 पट. म्हणजे दोन माणसं कमी झाली की उशीर थोडासा वाढत नाही, एकदम उडी मारतो. तुमच्याकडे तर बाराचं काम आठजण करतायत, मग रांग संपणारच नाही, रोज चार माणसांचं काम उद्यावर जाणार. ऑर्डर घ्यायची वेळ दोन तास आधी बंद करा नाहीतर माणसं द्या, तिसरा रस्ता नाही.

रात्रपाळी:
मी टेबलाच्या पलीकडचा. तो "आज येतो उद्या गायब" वाला, त्याला कधी बसवून विचारलंत का की का गायब होतो? आमच्याकडच्या एकाची पाळी संपायची आणि शेवटची बस आधीच गेलेली असायची, अर्धा तास लवकर सोडायला लागले तर एक खाडा नाही. आणि त्या मुलीचं बरोबर आहे. "सीझननंतर सुट्टी देतो" हे आम्ही दरवर्षी ऐकतो, सीझननंतर साहेबांना आठवतच नाही. तारीख लिहून द्या, आत्ताच, फळ्यावर सगळ्यांसमोर.

पॅकिंग_इन्चार्ज:
@हिशोबी, तुमचा हिशोब वर जसाच्या तसा पाठवला, उत्तर आलं "बघू". पण आजपासून ऑर्डर चारलाच बंद, बघू काय होतं, बहुतेक उद्या शिव्या बसतील. @रात्रपाळी, फळ्यावर तिच्या नावापुढे सुट्टीची तारीख टाकली, सोमवारची. दुपारी बघतो तर तिने सोमवार पुसून शनिवार केलाय आणि पुढे मोठ्या अक्षरात "+ सोमवार".

रात्रपाळी:
द्या दोन्ही 😄