विषय: देवगडच्या घरचा सर्व्हर, डिस्क इथून न्याव्या का?

मंडळी,
शुक्रवारी परदेशातून निघतोय, गणपतीला घरी. बाबांचे फोटो आणि आजीच्या आवाजातल्या आरत्या अजून आईच्या एकाच फोनमध्ये आहेत, म्हणून या खेपेला सर्व्हर लावूनच येणार. एन१०० चिपचा मिनी पीसी घेतलाय, १६ जीबी रॅमचा. डिस्कवर अडलोय. ३.५ इंची, ४ टीबीच्या दोन इथून न्याव्या की कोल्हापुरात घ्याव्या? यूपीएस इथलाच नेतोय. आज रात्रीपर्यंत सांगा.
– देवगडकर

---

यूपीएस मुळीच नेऊ नकोस! तो १२० व्होल्टचा, घरी २३०. लावलास की जळेल. पीसीच्या अडॅप्टरवर १००–२४० लिहिलंय ना बघ, मग नुसती पिन बदलली की झालं.
डिस्क तिकडेच घे, वॉरंटीला बरं. पण सीएमआरच माग, म्हणजे नोंदीचे पट्टे (ट्रॅक) शेजारी शेजारी असलेली. दुसऱ्या प्रकारात, एसएमआरमध्ये, ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची ओळ उचलावी लागते, तसंच तिथे. मिरर (दोन्ही डिस्कवर एकच प्रत) पुन्हा उभा करताना जीव जातो.
– मालवणची ताई

---

ताई, पण एवढ्याशा डब्यात ३.५ इंची बसणार कुठे? बाहेर यूएसबीचा खोका, त्याला वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर. लाइट गेली की आधी तो मरणार.
माझं ऐक, घरचा जुना डेस्कटॉप वापर. चार डिस्क आरामात बसतात.
– दापोलीचे काका

---

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण डेस्कटॉप नको. चोवीस तास ६० वॉट म्हणजे वर्षाला ५२५ युनिट; मिनी पीसी १० वॉटवर राहिला तर ८८. आणि खारी हवा! आमच्या घरचा मी दोन पावसाळ्यांनी उघडला. पंख्याच्या पात्यांवर चिकट राखाडी थर, स्क्रू तांबेरलेले, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट डाग. खोडरबराने घासून कसाबसा चालू केला. पंखा जितका मोठा तितकं मीठ आत.
– ताई

---

खाऱ्या हवेचं मान्य. पण ३ जून २०२०, निसर्ग वादळ. आमच्याकडे महिनाभर वीज नव्हती. तेव्हा ६० काय नि १० काय? जे वाचलं ते पुण्याला भावाकडे ठेवलेल्या डिस्कमुळे. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, पोरा. एक प्रत येताना बरोबर आण.
– काका

---

सर्व्हर होतोच आहे तर आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवाचे फोटोही त्यावरच टाकूया?
– सांस्कृतिक समिती

---

नाही. त्यात लहान मुलांचे चेहरे आहेत. कार्यकारिणीत ठरल्याशिवाय ते कुणाच्याही घरच्या मशीनवर जाणार नाहीत. हे काम चिटणिसांकडे आहे आणि तिथेच राहील.
– चिटणीस

---

ताई, काका, मनापासून आभार. यूपीएस नेत नाही. पीसीत २.५ इंचीचा कप्पा निघाला, तिथे ४ टीबीची एसएसडी. प्रतीसाठी यूएसबी केबलवरच चालणारी छोटी डिस्क, ती परत आणतो. पीसी माजघरात, खिडकीपासून लांब. घरच्या इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण आहे, ते आईला आत्ताच फोनवर दाबायला सांगितलं. साध्या मोडवर लाइट जाताना मशीन रीस्टार्ट झाली असती.
ताई, इथून घरच्या मशीनवर पोचायला टेलस्केल (दुरून आपल्या मशीन जोडणारं खाजगी नेटवर्क) पुरेल ना? एवढं एकच सांग.
– देवगडकर