कासवाची अंडी जागेवरच ठेवावीत की हॅचरीत हलवावीत? बेटांवरची पद्धत आणि आपले कोकण

प्रश्न : रंकाळाकाठ

नमस्कार. मी कोल्हापुरात प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि लघुशोधप्रबंधासाठी समुद्री कासवांचा विषय घ्यायचे मनाशी पक्के केले आहे. त्याआधी एक शंका दूर व्हावी म्हणून हा प्रश्न विचारत आहे.

फेब्रुवारीत करूळ घाटाने उतरून सिंधुदुर्गातल्या एका किनाऱ्यावर मैत्रिणीच्या मामांकडे चार दिवस राहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाच्या घरट्यातली अंडी काढताना पाहायला मिळाली. कासव रात्री नेमके केव्हा चढले होते हे कोणालाच ठाऊक नव्हते; माग वाऱ्याने अर्धाअधिक बुजला होता. काढलेली अंडी प्लॅस्टिकच्या बादलीत एकावर एक टाकली गेली, बादली मोटारसायकलवरून अर्धा किलोमीटर नेली गेली आणि हॅचरीत, म्हणजे अंडी राखण्यासाठी कुंपण घातलेल्या जागेत, नवा खड्डा घाईघाईने खणला गेला, जो माझ्या कोपराइतकाही खोल नव्हता. मी स्वतः १०४ अंडी मोजली होती. एप्रिलमध्ये मामांना फोन केला तेव्हा कळले की त्यांतून नऊच पिल्ले बाहेर आली. ज्यांनी हे केले त्यांची कळकळ मी डोळ्यांनी पाहिली आहे, म्हणूनच ते नऊ पिल्लांचे उत्तर मनातून जात नाही.

त्यानंतर वाचनात आले की लिटल अंदमानसारख्या बेटावर अभ्यासक बहुतेक घरटी जिथल्या तिथे राहू देतात आणि फक्त खूण करून लक्ष ठेवतात. मग आपणच अंडी का हलवतो? न हलवणे हेच योग्य असेल, तर आपल्या किनाऱ्यावर ते का करता येत नाही? आणि या फरकाचा अभ्यास कोल्हापुरात राहून, फार खर्च न करता, मला कसा करता येईल? बेटावर प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : खाडीपलीकडचा

ताई, मी एक पूर्ण मोसम लिटल अंदमानमध्ये लेदरबॅक कासवांच्या पाहणीत मदतनीस म्हणून काढला आहे, त्यामुळे तिथले सांगतो.

लेदरबॅक हे जगातले सर्वांत मोठे कासव. त्याच्या पाठीवर कठीण कवच नसते. चामड्यासारखी कातडी आणि तिच्यावर उभ्या सात कडा असतात. मादी पुळणीवर चढते तेव्हा तिचा माग जवळपास दोन मीटर रुंद पडतो आणि विजेरी न लावताही तो ताऱ्यांच्या उजेडात दिसतो. मागचे पाय आळीपाळीने आत घालून ती वाळू काढते, आणि ते पाय इतक्या जपून वळतात की जणू ओंजळीने पाणी काढावे तशी ती वाळू बाजूला ठेवते. खड्डा सुमारे पाऊण मीटर खोल होतो. अंडी घालायला सुरुवात झाली की ती एका जागी स्थिर राहते आणि तेव्हाच आम्ही मोजपट्टीने पाठीची लांबी घेत असू, टॅग, म्हणजे ओळखीचा बिल्ला, तपासत असू. त्याआधी तिच्या पुढ्यात जायचे नाही, दिवा लावायचा नाही, बोलायचेसुद्धा नाही. अंडी घालण्याआधी बिचकलेली मादी तशीच परत समुद्रात जाते.

तिथे घरटी का हलवत नाहीत, तर मुख्य कारण असे की हलवण्यात धोका आहे आणि हलवायला भाग पाडणारी माणसांची वर्दळ तिथे नाही. अंडे घातल्यानंतर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूच्या पटलाला चिकटतो. त्यानंतर अंडे फिरले किंवा हिसकले तर तो पटलापासून तुटतो आणि मरतो. बाहेरून अंडे मात्र चांगलेच दिसत राहते. आपण पाहिलेली अंडी सकाळी साडेनऊला, बहुधा सात-आठ तासांनी, गाडीवर हिंदकळत गेली. त्या नऊ पिल्लांचे कारण मला तरी यातच दिसते.

मात्र बेट म्हणजे निर्धोक जागा असे समजू नये. तिथेही घोरपडी आणि कुत्री घरटी उकरतात, काही घरटी भरतीच्या पाण्यात बुडतात, आणि रात्री गस्त घालताना खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यातल्या मगरींचे भान ठेवावे लागते. शिवाय वाळू कायमची नसते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत ग्रेट निकोबारच्या गॅलेथिया उपसागराची पुळण, जी लेदरबॅकची देशातली सर्वांत महत्त्वाची जागा होती, वाहून गेली; पुढे वाळू पुन्हा साचली आणि कासवेही परतली. लिटल अंदमानमधली नियमित पाहणी २००८ पासून सुरू आहे ती याच घटनेनंतर. म्हणूनच जानेवारी २०२१ मध्ये गॅलेथिया अभयारण्याची अधिसूचना बंदराच्या प्रकल्पापायी रद्द झाली याचे मला आजही मनापासून वाईट वाटते. समुद्राने नेलेली पुळण समुद्राने परत आणून दिली. धक्क्याखाली गेलेली पुळण परत येत नाही.

लिटल अंदमानच्या माद्यांना लावलेल्या उपग्रह टॅगांनी दाखवले की काही माद्या आग्नेयेला ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याकडे जातात, तर काही हिंदी महासागर ओलांडून मादागास्कर आणि मोझांबिकपर्यंत पोहोचतात. त्यांतल्या एकीचा प्रवास १३,००० किलोमीटरांहून अधिक भरला. एवढ्या अंतरावरून जी एका ठरावीक बेटावर येते तिने निवडलेली जागा आपण सहज बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर : मंडणगडचा पाहुणा

मी मूळचा मंडणगड तालुक्यातला, नोकरीनिमित्त पंचवीस वर्षे कोल्हापुरात आहे. वरचे सगळे उत्तर मला मान्य आहे. फक्त शेवटच्या वाक्याला कोकणच्या बाजूने थोडी भर घालावीशी वाटते.

आमच्याकडे अंडी हलवायला सुरुवात झाली ती शास्त्र कळत नव्हते म्हणून नव्हे. अंडी राहतच नव्हती. रात्री मादी परतली की पहाटेपर्यंत माणसे माग काढून घरटे उकरत आणि अंडी खात किंवा विकत. जे माणसांच्या नजरेतून सुटे ते कोल्हे आणि कुत्री नेत. जागेवर ठेवलेल्या घरट्याचा हिशेब त्या काळी शून्यच होता. सन २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आमच्या तालुक्यातल्या वेळास गावी काम सुरू केले तेव्हा कुंपणातली हॅचरी हा अंडी वाचवण्याचा एकमेव मार्ग होता, आणि अंडी उकरणाऱ्या हातांनीच पुढे ती राखली. आज गावोगाव कासवमित्र पहाटे गस्त घालतात. हॅचरी गेली तर गावाचे लक्षही जाईल, ही भीती मला खरी वाटते.

आपण पाहिलेला प्रकार मात्र चुकीचाच होता आणि तसे स्पष्ट म्हटले पाहिजे. हलवायचेच असेल तर पहिल्या दोन-तीन तासांत हलवावे. म्हणजे गस्त सकाळी सहाला सुरू करून चालणार नाही, ती रात्रीच हवी. अंडे ज्या बाजूने वर आहे त्याच बाजूने उचलावे, बादलीच्या तळाशी घरट्यातलीच ओली वाळू घालावी, बादली हातात धरून चालत न्यावी. नवा खड्डा मादीच्या खड्ड्याएवढाच, रिडलेच्या बाबतीत साधारण दीड फूट खोल, आणि तोंडाशी अरुंद व तळाशी रुंद असा, घागरीच्या आकाराचा असावा. जुन्या खड्ड्याची खोली काठीने मोजून घेतली तर चूक होत नाही. आणखी एक, माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचे : वर आलेली पिल्ले पर्यटकांच्या सोयीसाठी टोपलीत तासन्‌तास ठेवू नयेत. पहिल्या दिवसांत पोहण्यासाठी त्यांच्याजवळ पोटातल्या बलकाची जेवढी शिदोरी असते, ती टोपलीत धडपडण्यातच संपते.

पुढच्या वेळी मादी दिसली तर तिच्या पुढच्या वल्ह्यांवर धातूचा बिल्ला आहे का तेही लांबूनच पाहावे. ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक रिडले जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्याची कासवे वेगळी आणि आपली वेगळी, असे आम्ही कित्येक वर्षे धरून चाललो होतो.

उत्तर : पंचगंगा

मी इथल्याच एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. वरील दोन्ही उत्तरांत वाळूच्या तापमानाचा मुद्दा राहून गेला आहे, आणि आपल्या प्रबंधाचा विषय मला नेमका तिथे दिसतो.

समुद्री कासवांत नर की मादी हे गुणसूत्रांवरून नव्हे, तर उबवणीच्या मधल्या एक-तृतीयांश काळातल्या तापमानावरून ठरते. सुमारे २९ अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही होतात, त्याच्या वर माद्या वाढतात, खाली नर. तापमान दीर्घकाळ ३३ अंशांच्या पुढे राहिले तर पिल्ले मरूही लागतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. रेन आयलंडसारख्या बेटांवर जन्मलेल्या त्या समूहातल्या अपरिपक्व कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या आढळल्या. त्या अंड्यांना कोणी हात लावला नव्हता. वाळूच तापली होती. म्हणजे ‘जागेवर ठेवले की सुरक्षित’ हेही आता पुरेसे नाही, आणि आपल्याकडे ज्या हॅचरीत एका मोसमाची सगळी घरटी एका उघड्या चौकोनात येतात, तिथली वाळू मादीने निवडलेल्या जागेपेक्षा किती तापते हे प्रत्येक किनाऱ्यावर मोजले गेले पाहिजे.

आपण असे करावे. तापमान नोंदणारी लहान यंत्रे, ज्यांना डेटा लॉगर म्हणतात, ती घ्यावीत. घरटे हलवले की एक यंत्र मूळ जागी, अंड्यांच्याच खोलीवर, रिकाम्या वाळूत पुरावे. दुसरे हॅचरीत अंड्यांच्या मध्ये. आणि तिसरे हॅचरीतच, पण रिकाम्या खड्ड्यात. तिसरे विसरू नका. शेवटच्या टप्प्यात वाढत्या गर्भांची स्वतःची ऊब घरट्याचे तापमान वाढवते, आणि ती वजा केल्याशिवाय दोन जागांची तुलनाच होत नाही. हॅचरीच्या अर्ध्या भागावर नारळाच्या झापांची सावली करता आली तर प्रश्न आणखी चांगला होईल. पिल्ले निघून गेल्यावर घरटे उकरून रिकामी कवचे, न फुटलेली अंडी आणि आत मेलेली पिल्ले मोजावीत. पिल्लाचे लिंग बाहेरून ओळखता येत नाही आणि ओळखण्यासाठी पिल्लू मारणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. तापमानावरून जेवढे अनुमान निघेल तेवढेच लिहावे.

सर्व समुद्री कासवे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागेल. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे कोल्हापूर वनवृत्तातच येतात, तेव्हा पहिली चौकशी इथेच करता येईल. अंदमानला जायची ओढ मी समजू शकते, पण दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात लिटल अंदमानमधल्या ओंगे आदिवासींच्या राखीव क्षेत्रालगतच्या पुळणीसाठी परवाने मिळवण्यातच वेळ जाईल.

जाता जाता सतीश भास्कर यांचे नाव सांगते, कारण विद्यार्थ्यांना ते क्वचितच ठाऊक असते. भारतातल्या कासवांच्या पुळणींची पहिली सविस्तर पाहणी त्यांनी पायी चालून केली. हिरवी कासवे लक्षद्वीपच्या सुहेली बेटावर पावसाळ्यात अंडी घालतात आणि पावसाळ्यात तिथे होडी जात नाही, म्हणून १९८२ मध्ये ते त्या निर्मनुष्य बेटावर पावसाळाभर एकटेच राहिले. पत्नीला लिहिलेले पत्र त्यांनी बाटलीत घालून समुद्रात सोडले आणि ते श्रीलंकेत एका मच्छीमाराला सापडून तिला पोहोचलेही. त्यांच्याजवळ होती ती वही, मोजपट्टी आणि चिकाटी. आपल्याजवळ निदान डेटा लॉगर तरी असतील.

रंकाळाकाठ

आपणा तिघांचे मनापासून आभार. विषय ठरला : मूळ जागा आणि हॅचरी यांतील वाळूच्या तापमानाची तुलना, अर्ध्या भागावर झापांच्या सावलीसह. रिकाम्या खड्ड्यातल्या यंत्राचा मुद्दा मला स्वतःहून सुचला नसता. मामांशी आज सकाळीच बोलले. झापे त्यांच्या वाडीतूनच मिळतील, आणि नोव्हेंबरपासून पहिली गस्त रात्री दोनला काढायला गावातले दोघे तयार आहेत. मॅडम, परवानगीच्या अर्जाचा मसुदा या आठवड्यात तयार करते. आपल्याला चालणार असेल तर सोमवारी महाविद्यालयात येऊन दाखवू का?