चौथीचं मूल पाचवीला हायस्कूलमध्ये जातं, तेव्हा अभ्यासक्रम त्याच्यासाठी थांबतो का?

माळवाट (धागाकर्ती)

मी सातारा जिल्ह्यात चौथीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आमची मुलं जूनमध्ये मोठ्या गावच्या हायस्कूलला पाचवीत जातात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पाचवी प्राथमिकमध्ये आहे आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तिसरी ते पाचवी एक टप्पा धरतं, सहावी ते आठवी पुढचा. कागदावर पाचवी हा शेवट, आमच्या गावांत मात्र ती सुरुवात.

चौथीत या मुलाला दिवसभर एक, फार तर दोन शिक्षक असतात. जोडाक्षर कुठे अडतं, हातचा कधी राहतो, घरी आजी आहे की कोणीच नाही, हे त्या शिक्षकाला तोंडपाठ असतं. दीड महिन्याच्या सुट्टीनंतर तेच मूल भरगच्च वर्गात बसतं. दर तासाला नवा माणूस. हिंदी नव्यानं सुरू, बऱ्याच ठिकाणी त्याच वर्षी सेमी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून. आणि पहिल्याच दिवशी प्रत्येक विषयाचा पाठ पहिला उघडला जातो, कारण वार्षिक नियोजनात जूनपुढे तसं लिहिलेलं असतं.

पहिलीत येणाऱ्यांसाठी आपण शाळापूर्व तयारी मेळावा घेतो. आईबापांना बोलावतो, मुलाला रंग, आकार, गोष्ट, उड्या सगळं करायला लावून बघतो. पाचवीत जाणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला दाखला देतो आणि निरोप समारंभात लाडू.

माझं म्हणणं असं की पाचवीच्या पहिल्या सत्रात वर्गावर तीनपेक्षा जास्त शिक्षक नकोत. जिथे मुलं सहावीला शाळा बदलतात तिथे सहावीत. पहिले तीन आठवडे पाठ्यपुस्तक न उघडता, मुलाला काय येतं ते बघण्यात आणि शाळेची ओळख होण्यात जाऊ देत. आणि एप्रिलमध्ये हायस्कूलचे शिक्षक पट (विद्यार्थिसंख्या) भरण्यासाठी आमच्या गावात घरोघर फिरतात, त्याच फेरीत त्यांनी आमच्या वर्गात एक तास बसावं. आजवर मला कोणी विचारलेलं नाही की या मुलाला कसं शिकवलेलं समजतं.

त्रैराशिक

असहमत, आणि कारणं सविस्तर देतो. मी हायस्कूलला पाचवी ते दहावी गणित शिकवतो.

विषयशिक्षक हा मुलाचा हक्क आहे. त्याच कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना वेगळे शिक्षक हवेत असं स्पष्ट आहे. तीन शिक्षकांवर पाचवी चालवायची म्हणजे कुठे तरी मराठीचे सर अपूर्णांक शिकवणार. पाव, अर्धा, पाऊण हे चौथीत कागद दुमडून कळतं. पाचवीत सममूल्य अपूर्णांक येतात, मग छेद सारखे करून बेरीज. हा सांधा जो नीट बसवत नाही, त्याची मुलं सातवीत परिमेय संख्यांना आणि आठवीत बीजगणिताला माझ्यासमोर अडतात. तेव्हा वेळ गेलेली असते.

दुसरं, वेळ. पाचवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुनर्परीक्षा, तिथेही नापास तर त्याच वर्गात. जून ते दिवाळी या सत्रातले तीन आठवडे "ओळखी"ला दिले तर ते कोणाच्या हिशेबातून जाणार? ज्या मुलाला घरी शिकवणारं कोणी नाही, त्याच्या. शिकवणीला जाणाऱ्याला काही फरक पडत नाही.

तिसरं, तुमच्या नोंदी. माझ्याकडे येणाऱ्या प्रगतिपत्रकांवर सगळ्या मुलांच्या पुढे "प्रगती समाधानकारक", "आवडीने सहभाग घेतो" असं असतं. त्यावर मी जूनमध्ये काय ठरवायचं?

माळवाट

सर, नोंदींबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, त्या तशाच असतात. कारण त्या तपासणीसाठी लिहिल्या जातात, तुमच्यासाठी नाही. पुढे कोणीतरी वाचणार आहे हे माहीत असेल तर माणूस वेगळं लिहितो. पण सांधा पाचवीतच बसवायचा आहे, तर समोरच्या मुलाला भागाकार येतो की नाही हे न बघता सममूल्य अपूर्णांक कसे बसतील? असर या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२२ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येणारी ४२.८ टक्केच होती. अर्ध्याहून जास्त वर्गाला शाब्दिक उदाहरण वाचताच येत नसेल, तर तुमचं उत्तम गणित त्यांच्यापर्यंत जातंय कुठे?

जुनी सातवी

मी निवृत्त केंद्रप्रमुख. दोघांनाही वेगळं सांगतो: पाचवी हायस्कूलला जायलाच नको. कायद्याप्रमाणे ती प्राथमिकची आहे. नियमात पाचवीपर्यंत एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवी तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी. चौथीच्या शाळांना पाचवी आणि सातवीच्या शाळांना आठवी जोडायची, हे राज्यात कधीचं ठरलेलं आहे. झालं ते अर्धवट. काही ठिकाणी वर्गखोली नाही, काही ठिकाणी शिक्षक नाही, आणि हायस्कूलांचा विरोध आहे कारण पाचवीच्या पटावर त्यांची पदं टिकतात. एप्रिलमधल्या त्या घरोघरच्या फेऱ्या त्यासाठीच. मुलाचं हित त्या फेरीत शेवटी येतं.

मूल्यमापनाचंही बघा. २०१० च्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिकला (वर्षभर शिकवताना होणाऱ्या मूल्यमापनाला) पहिली-दुसरीत ७० टक्के, तिसरी-चौथीत ६०, पाचवी-सहावीत ५०, सातवी-आठवीत ४० असा भार होता. लेखी परीक्षेचं वजन दोन-दोन इयत्तांनी वाढत जाईल असा तो विचार होता. मला तो फार आवडायचा. पाचवीत पास-नापासची परीक्षा आणून आपण नेमकं त्याच वर्षी त्या मुलावर ओझं टाकलं ज्या वर्षी त्याची शाळा बदलते. शाळाच बदलली नाही तर निम्मा प्रश्न सुटतो.

गोदाकाठ

जुनी सातवी काका, आदर ठेवून सांगते, आई म्हणून मला हे पटत नाही. आमच्या गावात दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात. त्यांच्या गळ्यात पाचवा वर्ग घातला तर कोणाचंच भलं होणार नाही.

आणि मुलींचं वेगळं आहे. पाचवीपासून एसटीचा मोफत पास मिळतो. माझी मुलगी पाचवीत नववी-दहावीच्या मुलींबरोबर बसनं जायला लागली, त्या तिला सांभाळून न्यायच्या. आता तिचा प्रवास हा घरात प्रश्नच राहिलेला नाही. आमच्या शेजारच्या वस्तीवर सातवीपर्यंत शाळा आहे. तिथल्या मुली एकदम आठवीत बाहेर पडतात, तेव्हा त्या तेरा-चौदाच्या असतात आणि घरातले म्हणतात, आता कुठे रोज पाठवायचं. लवकर बाहेर पडलेली मुलगी टिकते, असं मी तरी बघितलंय.

माझी तक्रार सेमीबद्दल आहे. मुलीला अंश-छेद व्यवस्थित येत होते. पाचवीत गणित इंग्रजीतून झालं आणि न्यूमरेटर-डिनॉमिनेटर काय ते कळेना म्हणून तिला दिवाळीपर्यंत गणितच येत नाही असं वाटायला लागलं. पहिल्या सत्रात दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत, एवढं नियोजनात घालायला कोणाची परवानगी लागते?

कोपऱ्यातला बाक

मी आता पुण्यात इंजिनीअरिंगला आहे. धागाकर्तीच्या एका सूचनेला माझा ठाम विरोध आहे: ती एप्रिलमधली माहिती देण्याची.

चौथीपर्यंत मी माझ्या शाळेत "ढ" होतो. एकच बाई चार वर्षं. त्यांनी मनाशी ठरवलं होतं आणि मीही तेच मानत होतो. पाचवीला हायस्कूलला गेलो तेव्हा तिथे मला कोणी ओळखत नव्हतं. विज्ञानाच्या सरांनी पहिल्या आठवड्यात भिंगानं कागद जाळून दाखवला आणि विचारलं, ढगाळ दिवशी का जळत नाही. मी हात वर केला. उत्तर बरोबर होतं. त्या सरांच्या लेखी मी पहिल्या दिवसापासून हुशार मुलगा. माझ्या बाईंनी आधीच येऊन "हा जरा मागे आहे" असं सांगितलं असतं तर त्यांनी मला विचारलं असतं का?

आठ शिक्षक म्हणजे आठ वेगळ्या नजरा. एकाला नाही आवडलो तर दुसऱ्याला आवडेन. एकाच शिक्षकाची माया सगळ्या मुलांच्या वाट्याला येत नाही हो.

माळवाट

कोपऱ्यातला बाक, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. या धाग्यावरची सगळ्यात कठीण हरकत तुझी आहे.

माझं उत्तर असं. मूल *कसं आहे* हे कळवायचंच नाही. मुलाला *काय करता येतं आणि नेमकं कुठे अडतं* एवढंच कळवायचं. "गणितात कच्चा" हे वाक्य पुढे जाताच कामा नये. "तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागतो, पण भागाकारात मध्ये शून्य आलं की शून्य लिहायचं राहतं" हे जायला हवं. पहिल्या वाक्यानं शिक्षक मुलाला मागच्या बाकावर बसवतो. दुसऱ्या वाक्यानं त्याला सोमवारी कोणती दोन उदाहरणं द्यायची ते कळतं. "चारचौघांत वाचताना अडखळतो, शेजाऱ्याला वाचून दाखवताना अडखळत नाही" ही नोंद माझ्या एका विद्यार्थ्याबद्दल मी लिहीन. "लाजाळू" असं लिहिणार नाही.

स्वभाव, वागणूक, घरची परिस्थिती यातलं काहीही लेखी नको, हे तुझ्यामुळे मी प्रस्तावात घालते. आजार किंवा चष्मा-श्रवणयंत्र असेल तर तेवढं पालकांना विचारून.

कोपऱ्यातला बाक

असं लिहिणार असाल तर चालेल. पण ते लिहिणारे सगळे तुमच्यासारखे नसतील. म्हणून माझा आग्रह की नोंद मुलाला वाचून दाखवावी. त्याच्यासमोर वाचता येणार नाही असं काही लिहिलं जाणार नाही.

सातपुडा पायथा

नंदुरबारहून लिहितोय, थोडं लांबेल.

आमच्याकडे पाड्यावरची शाळा चौथीपर्यंत. मुलांच्या घरी पावरी किंवा भिली. मराठी वाचायला लागतात तोवर चौथी संपते आणि पाचवीला मूल आश्रमशाळेच्या वसतिगृहात जातं. म्हणजे शाळा, भाषा, जेवण, झोपायची जागा, सगळं एका आठवड्यात बदलतं. मुलं पळून घरी येतात, किंवा दिवाळीच्या सुट्टीला आली की परत जात नाहीत. तीन शिक्षक की आठ हा आमच्याकडे खूप पुढचा प्रश्न. पहिला प्रश्न, रात्री रडणाऱ्या मुलाशी त्याच्या भाषेत बोलणारं कोणी आहे का. जिथे पाड्यातली मोठी मुलं त्याच वसतिगृहात असतात तिथे लहान टिकतात. गोदाकाठ यांनी बसमधल्या मोठ्या मुलींबद्दल लिहिलं ते वाचताना हेच आठवलं.

पाठ्यपुस्तक न उघडण्याच्या तीन आठवड्यांना माझा पाठिंबा, पण एका अटीवर. २०२१ मध्ये कोरोनानंतर ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आला होता. हेतू चांगला होता. राज्यभर सगळ्यांना एकच कृतिपत्रिका, त्याच चाचण्या, पीडीएफमध्ये. फोन नसलेल्या पाड्यावर ते कसं पोचलं असेल? पुन्हा तसंच वरून आलं तर तीन आठवडे वाया जातील, इथे त्रैराशिक सर बरोबर आहेत.

सहावीबद्दलही कोणीतरी बोला. पाचवीपर्यंत परिसर अभ्यास असतो. सहावीत त्याचे तुकडे होतात: सामान्य विज्ञान, भूगोल, इतिहास व नागरिकशास्त्र. मुलाच्या डोक्यात शेत, नदी, पाऊस, बाजार हे एकच असतं. मी सहावीच्या सुरुवातीला आमच्या नाल्यावर मुलांना नेतो. पाणी कुठून येतं तो भूगोल, त्यात काय जगतं ते विज्ञान, नाल्यावरच्या बंधाऱ्याचं पाणी कोणाला किती हे कोण ठरवतं ते नागरिकशास्त्र. तिन्ही विषयांचे शिक्षक बरोबर असतील तर उत्तम. धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवस सांगितले आहेत. ते वर्षअखेरीस सहलीत उरकण्यापेक्षा जूनमध्ये यासाठी वापरा.

त्रैराशिक

नाल्याची कल्पना चांगली आहे. आमच्या शाळेत भूगोल आणि विज्ञानाचे शिक्षक वर्षभर एकमेकांचं नियोजन बघत नाहीत, ही वस्तुस्थिती आहे.

पट भरण्याबद्दल जुनी सातवी सरांनी लिहिलं, त्यावर बोलणं भाग आहे. संचमान्यतेत, म्हणजे शाळेच्या शिक्षकपदांच्या मंजुरीत, पटावर पदं ठरतात. पाचवीची वीस मुलं कमी झाली तर एखादा शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याची बदली तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला होते. आम्ही उन्हात घरोघर फिरतो ते या भीतीनं. ही व्यवस्था आम्ही बनवलेली नाही. ती आहे तोवर एप्रिलमध्ये आम्ही येणारच, मग माळवाट मॅडमच्या वर्गात तासभर बसायला माझी काहीच हरकत नाही. मला त्या तासात हवं आहे ते सांगतो: प्रत्येक मुलानं माझ्यासमोर एक परिच्छेद मोठ्यानं वाचावा, एक भागाकार करावा, आणि एक शाब्दिक उदाहरण स्वतः तयार करावं. शेवटच्यातून मला सगळ्यात जास्त कळतं.

तीन शिक्षकांना मात्र माझा विरोध कायम आहे. त्याऐवजी हे करा: पाचवीला वर्गशिक्षक गणिताचा किंवा मराठीचाच द्या, कारण त्याचे तास जास्त असतात, आणि पहिल्या सत्रात जोडतास (एकाच विषयाचे दोन तास सलग) ठेवा. दिवसात आठ माणसं बदलण्याऐवजी चार-पाच बदलतील आणि विषय ज्याचा त्याच्याकडेच राहील. चित्रकला, खेळ, कार्यानुभव दुपारनंतर.

माळवाट

जोडतास मला मान्य. पाठ न उघडण्याचे आठवडे तीनवरून दोन करायलाही तयार आहे, पण शून्य नाही. आणि त्या दोन आठवड्यांत सेमीचा एकही तास नको.

गोदाकाठ

सेमीचा तास नको याला माझा विरोध. पालक सेमीसाठीच पाठवतात, दोन आठवडे काहीच दिसलं नाही तर खासगी इंग्रजी शाळेत नेतील. तास ठेवा, दोन्ही भाषांतून घ्या.

जुनी सातवी

चार-पाच शिक्षक, जोडतास, दोन आठवडे, हे सगळं मुख्याध्यापकाच्या अधिकारात आहे, वरून आदेश यायची गरज नाही. वेळापत्रक मेमध्येच ठरतं, तेव्हा ते एप्रिलच्या फेरीनंतर लगेच बसून करा. पाचवी प्राथमिकला असावी हे माझं मत मात्र कायम आहे. गोदाकाठताईंच्या दोन शिक्षकांच्या शाळेला तिसरा शिक्षक द्यावा, ही मागणी त्या मतातच आहे.

त्रैराशिक

मुख्याध्यापकांशी बोलतो. माळवाट मॅडम, नोंदीचा एक नमुना इथेच टाका, भागाकारातल्या शून्यासारखा, प्रत्येक मुलामागे चार ओळींपेक्षा जास्त नको. आमच्या पाचवीला निरनिराळ्या गावांतून मुलं येतात, सगळ्या शाळांना तोच देऊन बघतो.