वांग्याचा लॅब रिपोर्ट समजून घ्यायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमच्या सोसायटीत एका शेतकऱ्याकडून थेट भाजी येते, तर आम्ही पाच-सहा घरांनी पैसे काढून त्याच्या वांग्यात कीटकनाशकाचे अंश (रेसिड्यू) आहेत का याची टेस्ट करून घेतली. रिपोर्टमध्ये क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक ०.०५ मिलिग्रॅम प्रति किलो आलंय आणि बाकी सगळ्यापुढे नुसतं बीएलक्यू. आता बीएलक्यू म्हणजे मशीनला खात्रीने मोजता येईल त्यापेक्षा कमी एवढं कळलं, पण हिशोबात ते शून्य धरायचं की त्या मर्यादेच्या निम्मं?

मी आपलं पोरीचं गणित मांडलं. वजन १५ किलो, रोज १०० ग्रॅम वांगं (खाणार नाहीये ती, पण समजा), म्हणजे ०.००५ मिलिग्रॅम पोटात, भागिले १५, साधारण ०.०००३३. जेएमपीआरचा (एफएओ-डब्ल्यूएचओची कीटकनाशकांवरची तज्ज्ञ समिती) एडीआय, म्हणजे आयुष्यभर रोज पोटात गेलं तरी चालेल असं प्रमाण, दर किलो वजनामागे ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे जेमतेम ३ टक्के. हुश्श केलं! पण मग वाचलं की युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने (इएफएसए) २०१९ मध्ये याच औषधाला सुरक्षित पातळीच ठरवता येत नाही म्हटलं आणि २०२० पासून तिकडे बंदच, मग माझ्या त्या ३ टक्क्याला अर्थ काय राहिला?

अजून एक, आम्ही वांगी स्वच्छ धुऊन दिली होती लॅबला, नंतर कळलं की नमुना न धुता द्यायचा असतो, फक्त देठ काढून. मग हा आकडा एमआरएलशी (भाजीत कायद्याने चालणारी कमाल मर्यादा) ताडून बघायला चालेल का परत टेस्ट करावी? रेसिड्यूच्या कामातलं कोणी असेल तर प्लीज सांगा, शेतकरीदादाला उगाच दोष द्यायचा नाहीये.