दोन्ही एकत्र घ्याच

समाजशास्त्र आणि मानवशास्त्र हे दोन विषय एकत्र शिकणं म्हणजे ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’, असं मत इथे कुणी मांडलंय, ते पटलं नाही. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये केंब्रिजला रिव्हर्स, हॅडन या मानवशास्त्रज्ञांकडे शिकले आणि १९२४ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सांभाळला. आपल्याकडे या दोन विषयांमधली भिंत मुळातच पातळ.

गोव्यातलंच बघा. कोमुनिदादीची (गावाच्या सामाईक संस्थेची) जमीन, गांवकारांना म्हणजे गावच्या मूळ घराण्यांना पुरुषवंशाने मिळणारी झोण (उत्पन्नातला वाटा), हे दप्तरात सापडतं. पण पौषात मांडावर (गावातल्या ठरलेल्या पवित्र जागेवर) धालो हा गाण्या-नाचाचा खेळ खेळणाऱ्या बायकांचा गावावरचा हक्क कुठल्या दप्तरात शोधणार? तिथे मानवशास्त्रासारखं माणसांत जाऊन रात्री जागाव्या लागतात, ओव्या ऐकाव्या लागतात. (कोंकणी येत असेल तर अर्धं काम झालं.) संख्याशास्त्राचा पेपर मात्र टाळू नका, मी टाळला, अजून पस्तावतोय.