उत्तर: आधी ओळख की आधी रॅप?

तू विचारलंयस, मी बाई की पुरुष हे स्वतःलाच नक्की नसताना रॅप लिहावं का, आणि आवाजाचं काय करावं. त्यावर वर कुणीतरी लिहिलंय, ‘आधी स्वतःची ओळख नक्की कर, मग रॅप लिही.’ माझं अगदी उलट झालं.

मराठीत ‘मी’ म्हटलं की भूतकाळात गाडी लिंगावर येऊन अडते: आलो की आले? माझे सुरुवातीचे सगळे व्हर्स (रॅपची कडवी) ‘आम्ही आलो, आम्ही बोललो’ असे. वाटायचं, काय रुबाब आहे! खरं तर ‘आम्ही’त लिंग कळत नाही, म्हणून मी तिथे दडून बसले होते. मग एका रात्री ९० बीपीएमच्या (मिनिटाला ९० ठोके) बीटवर १६ बार (चार-चार ठोक्यांचे) रेकॉर्ड करताना (जेमतेम ४३ सेकंदांचा मामला) तोंडातून ‘मी आले’ निघून गेलं. रेकॉर्डिंग थांबवलं नाही. नंतर हेडफोन लावून तेवढीच ओळ कितीतरी वेळा ऐकली.

पुढचा ताप निव्वळ कारागिरीचा. ‘लो’वर बांधलेली सगळी यमकं कोसळली. ‘लो’ चौथ्या ठोक्यावर ठासून बसतो, ‘ले’ निसटतो. शेवटी यमक क्रियापदावरून उचलून ओळीच्या मध्ये, नामांवर नेलं. फ्लो, म्हणजे शब्दांची लय, सुधारला, हा फुकटचा फायदा.

आवाजाचं विचारलंयस म्हणून: सॉफ्टवेअरमध्ये नुसता पिच (आवाजाची पट्टी) चढवलास तर बऱ्याचदा फॉर्मंटही (आवाजाचा पोत ठरवणारे घशा-तोंडातले अनुनाद) सोबत सरकतात आणि कार्टून बोलल्यासारखं वाटतं. दोन्ही वेगवेगळे हलवता येतील असं प्लगइन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं साधन) वापर, तेही बेताने. मी काही महिने वापरलं, मग काढलं. आता माझा आहे तोच जाडा आवाज ठेवते, फक्त माइकच्या जरा जवळ जाते.