मदत हवी आहे : बांधीव खंडातले अंक ओमेकात कसे मांडावेत?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयातल्या एका जुन्या मासिकाचे बांधीव खंड आम्ही तिघं-चौघं मिळून स्कॅन करतोय. स्कॅनिंग मार्गी लागलंय, घोडं अडलंय ते मांडणीपाशी. आम्ही ओमेका एस (डिजिटल संग्रह वेबवर मांडायची प्रणाली) वापरतो.

एका खंडात वर्षाचे बारा अंक, अंकात पंधरा-वीस लेख, शिवाय एक कादंबरी क्रमशः आठ अंकांत पसरलेली. पूर्ण खंड एकच आयटम (म्हणजे एक नोंद) केला, तर लेखकाच्या नावाने शोधणाऱ्याच्या हाती सहाशे पानं पडतात. प्रत्येक लेख वेगळा केला, तर अंक हरवतो. मुखपृष्ठ, जाहिराती, संपादकाचं टिपण कुठे ठेवायचं? मला तर त्या जाहिराती लेखांइतक्याच मोलाच्या वाटतात.

सध्या विचार असा : अंक हा आयटम, पानं त्याची मीडिया (नोंदीला जोडलेल्या फायली), लेखांचे स्वतंत्र आयटम करून डब्लिन कोअर या वर्णनाच्या प्रमाण रकान्यांपैकी 'इज पार्ट ऑफ'ने (याचा भाग) अंकाला जोडायचे. खंडासाठी आयटम सेट, म्हणजे आयटमांचा गट. पण मग लेखाच्या आयटमला पानांच्या प्रतिमा पुन्हा चढवायच्या, की नुसते पृष्ठक्रमांक द्यायचे? आणि कादंबरीसाठी आठही प्रकरणांना बांधणारा वेगळा आयटम करावा का?

तारखेचाही घोळ आहे. अंकावर फक्त 'माघ शके १८३२' छापलंय. शकावरून इसवी सन काढताना माघाला ७८ नव्हे, ७९ मिळवावे लागतात, म्हणजे १९११. मूळ नोंद आणि इसवी सन दोन्ही ठेवायचे, तर कोणती तारीख कुठल्या रकान्यात?

कुणी नियतकालिकांवर असं काम केलं असेल, तर एका अंकाची नमुना नोंद दाखवाल का? तीनच खंड चढवलेत, अजून बदल करता येतील.